कोसमगट्ट्याच्या शेहेचाळीस ताडपत्र्या

लोक मला कामाला बोलावतात ते माझ्या गोड स्वभावामुळे नव्हे. संस्थांनी केलेल्या कामाचं मूल्यमापन करणं हा माझा धंदा, आणि चंद्रपूरपासून सिरोंचापर्यंत माझी ख्याती अशी, की माधवी रामटेके येणार म्हटलं की दोन दिवस आधी गोदामं झाडून निघतात. माझे वडील माजरीच्या कोळसा खाणीत हजेरी घ्यायचे. पाळीला आत गेलेली माणसं मोजायची, बाहेर आलेली पुन्हा मोजायची आणि आकडा जुळेपर्यंत जागचं हलायचं नाही. मोजण्याचा रोग मला त्यांच्याकडून लागला. चिडका स्वभाव मात्र माझा स्वतःचा.

जुलैच्या पुरानंतर चार संस्थांनी मिळून ‘संयुक्त पूरमदत कार्यक्रम’ काढला होता. ताडपत्र्या, चादरी, भांडी असा चौघांचा माल मुलचेऱ्याच्या एकाच गोदामात आला आणि वाटपासाठी त्यांनी गावं आपसात वाटून घेतली. निळी, नारिंगी, हिरवी, पिवळी अशा प्रत्येकाच्या ताडपत्रीचा रंग वेगळा, त्यावर आपापलं चिन्ह. कार्यक्रमाच्या फलकावर कुणाचं चिन्ह आधी छापायचं यावर तीन तास वाद चालला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. गावं तेव्हा पाण्यात होती.

जानेवारीत या कार्यक्रमाच्या समितीने मला बोलावलं ते एका तक्रारीसाठी. कोसमगट्टा गावात शेहेचाळीस घरांना ताडपत्र्या दिल्याची नोंद होती, शेहेचाळीस अंगठे होते, पण डिसेंबरात कुणीतरी जाऊन पाहिलं तर गावात एकही ताडपत्री नव्हती. वाटप केलं होतं उर्वशी मडावी नावाच्या कार्यकर्तीने. तिने त्या बाजारात विकल्या असा सगळ्यांचा समज झाला होता. तिला कामावरून काढण्याचं पत्र टाईप होऊन तयार होतं, फक्त तारीख घालायची राहिली होती, आणि त्याची एक प्रत पोलिसांसाठी होती. समितीचे अध्यक्ष नागसेन मेश्राम यांनी ते माझ्या हातात दिलं. “तुम्ही एकदा जाऊन बघा. शुक्रवारी बैठक आहे. तुम्ही हो म्हणाल तर सही करतो,” ते म्हणाले.

गंमत अशी, की कोसमगट्ट्याला न्यायला दुसरं कुणीच नव्हतं. म्हणजे जिला पकडायचं, तिच्याच स्कूटीवर मागे बसून मी निघाले. पत्र माझ्या पिशवीत आणि पिशवी आमच्या दोघींच्या मधे. उर्वशी तिशीची असेल, काटक, कमी बोलणारी. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याआधी “धरून बसा मॅडम” एवढंच म्हणायची. चोर एवढी काळजी घेतो का, असा विचार मनात आला, तेव्हा मी स्वतःलाच दटावलं. फार गोड वागणारे चोर मी पुष्कळ पाहिले होते.

गाव नदीच्या उंच काठावर होतं. पुराच्या खुणा अजून भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला दिसत होत्या. घरांची छपरं मोडकी, कवेलू, म्हणजे कौलं, उडालेल्या जागी सागाची पानं आणि गवत खोचलेलं. ते पाहून तर माझं डोकंच फिरलं. यांच्या डोक्यावर पानं, आणि ताडपत्र्या कुणाच्या तरी खळ्यावर!

मी पहिल्या घरापासून सुरुवात केली.

“ताडपत्री मिळाली?”

“मिळाली.”

“मग कुठे आहे?”

“हाये ना.”

“दाखवा.”

“पानी पेता का बाई?”

दुसऱ्या घरी हेच. तिसऱ्या घरी हेच. मिळाली, हाये, पानी पेता का. दुपारपर्यंत मी सतरा पेले पाणी प्यायले आणि ताडपत्रीचा एक तुकडाही पाहिला नाही. कुणी उर्वशीविरुद्ध चकार शब्द काढत नव्हतं. उर्वशी माझ्या मागे मागे खाली मान घालून चालत होती आणि तिच्या त्या खाली मानेचा मला भयंकर राग येत होता.

शेवटी मी गोटुलासमोरच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोरच्या, सावलीत सगळ्यांना जमवलं. पोचूभाऊ म्हणून गावचे वयस्क गृहस्थ मध्ये बसले. मी पिशवीतून पत्र काढून मोठ्याने वाचलं. “तुम्ही बोलणार नसाल तर शुक्रवारी या बाईची नोकरी जाईल आणि पोलिसात तक्रार होईल,” असंही सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी कुणीतरी तोंड उघडेल.

तोंड उघडलं ते उर्वशीनेच.

“लिहा मॅडम,” ती म्हणाली. “मीच इकल्या.”

इतकी वर्षं हे काम करतेय, पण कबुली कधी अशी ऐकली नव्हती. चोर कबूल होतो तेव्हा आधी रडतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. ही बाई एखादं ओझं डोक्यावर नीट ठेवावं तशी उभी होती.

“कुणाला विकल्या? कितीला?”

तिला उत्तर सुचेना. विकल्या असत्या तर सुचलं असतं.

पोचूभाऊ उठले. गोंडीत ते गावाला काहीतरी बोलले. मग त्यांनी घरातून वल्हं आणलं. “चला बाई. डोंग्यात बसा,” ते मला म्हणाले.

“नोको नेऊ भाऊ,” उर्वशी कळवळून म्हणाली. “फारमावर अंगठे देल्ले ना तुमी. माझ्या एकलीचं काय, म्या पाहून घेतो.”

“चूप बस पोरी,” पोचूभाऊ म्हणाले. “तुह्या जिवावर छप्पर घ्याले आमी काई इतके मेलो नाई.”

नदी तिथे दोन फाट्यांत वाहते आणि मध्ये एक मोठं बेट आहे, दाट झाडीचं. मला ते माहीत नव्हतं. डोंगा बेटाला लागला, आम्ही बांबूच्या दाटीतून पाचेक मिनिटं चाललो, झाडी संपली, आणि मी थांबले.

समोर एक छप्पर होतं. एकच छप्पर, लांबच लांब. नंतर मी पावलं टाकून मोजलं, शंभराला दोन कमी. बांबूंवर ताणलेलं, मध्ये आढ्यासारखं उंच आणि दोन्हीकडे उतरतं. आणि ते निळं होतं, नारिंगी होतं, हिरवं होतं, पिवळं होतं. चारही रंगांच्या ताडपत्र्या एकमेकींना शिवून टाकलेल्या, चारही संस्थांची चिन्हं कुठे उलटी, कुठे आडवी, कुठे शिवणीखाली अर्धी झाकलेली. चंद्रपूरच्या बैठकीत जे तीन तासांत जमलं नाही ते इथे सुईदोऱ्याने झालं होतं.

मी आत शिरले. दुपारचं ऊन वरून झिरपत होतं आणि जमिनीवर चार रंगांचा उजेड पडला होता. दोन्ही बाजूंना ओळीने चुली. मधोमध मोहाचं एक जुनं झाड उभं होतं. ते त्यांनी तोडलं नव्हतं. खोड छपरातून वर गेलं होतं आणि त्याभोवती सदऱ्याला गळा शिवतात तसा ताडपत्रीचा गळा शिवलेला होता. वरची ताडपत्री खालचीवर एक वीत चढवलेली, कवेलू चढवतात तशी, म्हणजे पाणी शिवणीत शिरायला वाव नाही. मी हात वर करून शिवण चाचपली. टाके इतके बारीक आणि सारखे, की बोटाला त्यांचा उंचवटाच लागेना. वास आला मधाच्या मेणाचा.

“जाळ्याचा दोर हाये,” एक म्हातारी मागून म्हणाली. तिचं नाव बुधरी. “जाळं इनाची सुई. मंग मेन आन् मोहाचं तेल चोपडलं वरतून. चार महिने पानी पडलं, बाई. एक थेंब खाली नाई आला.”

“कुणी शिवलं हे?”

“दोनई गावच्या बायांनं. बारा दिवस. माणसं बांबू आनत, आमी शिवत.”

मी इंजिनिअर पाहिलेत, त्यांचे नकाशे पाहिलेत, कोट्यवधींच्या इमारतींच्या भेगा मोजल्यात. पण खरं सांगते, त्या छपराखाली मला बौद्धविहारात लहानपणी जसं वाटायचं तसं वाटलं. चपला काढाव्यात असं वाटलं, आणि मी काढल्याही. मग सवयीप्रमाणे मोजायला लागले. एका टोकापासून एकेक ताडपत्री बोटाने दाखवत गेले. निळ्या तेरा, नारिंगी अकरा, हिरव्या बारा, पिवळ्या दहा. शेहेचाळीस. एकही कमी नाही, एकही फाटकी नाही. आकडा जुळला, आणि मला रडू फुटलं. मी आडोसा शोधला, पण शंभर पावलांच्या त्या छपराखाली आडोसा कुठला.

बुधरीने पाणी दिलं. अठरावा पेला.

मग पोचूभाऊंनी सांगितलं. या बेटावर बेंदाटोला नावाचं गाव, एकतीस चुलींचं. पुरात एकूण एक घर वाहून गेलं. माणसं झाडांवर बसून वाचली. ताडपत्र्या आल्या त्या फक्त कोसमगट्ट्याला.

“आमच्या दोन गावांचा डोह एकच,” पोचूभाऊ म्हणाले. “उन्हाळ्यात मिळून मासोळी मारतो. एका जागी ढीग लावतो आन् चुलीमागं वाटा करतो. जो आला नाई त्याचाई वाटा, बिमार हाये त्याचाई, रांडमुंड बाईचाई. आतापस्तर कधी एका गावानं उचललं नाई. मंग ह्या ताडपत्र्या आल्या. गोटुलात बसलो. मासोळी वाटता येते, बाई. ताडपत्री कापली तं कोनाचंच छप्पर होत नाई. म्हणून एकच केलं.”

“आणि तुमच्या स्वतःच्या घरांवर पानं?”

“आमच्या भिंती उभ्या होत्या ना,” ते म्हणाले. मला ते इतकं साधं कसं कळलं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी उर्वशीकडे वळले. आता मला तिचा वेगळाच राग आला होता. “हे तू मला सकाळीच का नाही सांगितलंस?”

“अट हाये ना मॅडम. फारमावर लिवलं हाये, मदतीचा माल दुसऱ्याले देल्ला तं ते कुटुंब पुढच्या टप्प्यातून बाद. आता घराचं सामान येनार हाये, पत्रे, लोखंड. सांगतलं असतं तं शेहेचाळीस घरं बाद होतीन. माझी एकलीची नोकरी जाईन. म्या हिसाब केला.”

“आणि बेंदाटोल्याचं नाव यादीत का नव्हतं? तू संस्थांना कळवलं नाहीस?”

“चौघाईले कळवलं. एक म्हणे ते नदीपलीकडचं, त्याईले सांगा. पलीकडचे म्हणत ते अलीकडचं. मंग म्हणाले, नकाशावर गावच नाई.”

“कुठल्या नकाशावर?”

“चंद्रपूरच्या हापिसात भिंतीवर हाये ना, मॅडम. लाल रेघेचा.”

मी तिथेच खाली बसले.

ती रेघ माझी होती. पुराच्या तिसऱ्या दिवशी मला त्या बैठकीत जाणकार म्हणून बोलावलं होतं. कुणी कोणती गावं घ्यायची यावर चौघे भांडत होते, आणि चिडून मी कुणाच्या तरी हातातला जाड लाल मार्कर ओढून घेतला, भिंतीवरच्या नकाशावर नदीवरून एक रेघ ओढली. “अलीकडचं या दोघांचं, पलीकडचं त्या दोघांचं. संपलं भांडण,” असं म्हणाले. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी घरी येऊन आईला ते कौतुकाने सांगितलंही होतं. नदी पुढे दोन फाट्यांत वाहते आणि मध्ये माणसं राहतात, हे पाहायला मी थांबले नव्हते. एकतीस चुली माझ्या रागाखाली गेल्या होत्या, आणि त्यांच्यावर छप्पर घालणाऱ्या बाईला पकडायला मीच आले होते.

मी हे पोचूभाऊंना सांगितलं. लपवून काय करणार होते? ते म्हणाले, “रेघ तुमी मारली. बरं. मंग आता तुमीच पुसा.”

परतताना स्कूटीवर माझ्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. उर्वशी निर्दोष आहे असं लिहावं तर कोसमगट्ट्याने अट मोडली हे लिहावं लागणार, आणि शेहेचाळीस घरं जाणार. अट मोडली नाही असं लिहावं तर उर्वशी चोर ठरणार. या दोघांना सोडवणारा एकच धागा होता, माझी लाल रेघ, आणि तो ओढला की माझा धंदा उसवणार होता. ज्याने कार्यक्रमात हात घातला आहे त्याने त्याचं मूल्यमापन करायचं नसतं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. टाळ्यांच्या नादात माझ्याही तो लक्षात आला नव्हता आणि समितीच्याही. घाबरले होते का? हो, घाबरले होते. दोन रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी चंद्रपुरात चारही संस्थांचे प्रमुख टेबलाभोवती बसले होते. उर्वशीला बोलावून दाराजवळ उभं ठेवलं होतं, खुर्ची कुणी दिली नव्हती. मी छपराचे फोटो टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं. एकाने फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला आणि हळूच म्हणाला, “हे झाडाभोवती कसं शिवलं असेल?” मला तो माणूस एकदम आवडला.

दुसऱ्याने घसा खाकरला. “कौतुकास्पद आहे. पण अट मोडली गेली, हेही खरं.”

“अट मोडली म्हणून तुमच्या कार्यक्रमाची इज्जत राहिली,” मी म्हणाले. “एकतीस कुटुंबं तुम्ही विसरलात. तुमचं उरलेलं काम या लोकांनी बारा दिवसांत केलं, स्वतः पानांखाली राहून. आता विसरलं कोण तेही सांगते. ही रेघ मी मारली आहे. माझा अहवाल रद्द करा, मला कुठे पुन्हा बोलावू नका, पण खापर या बाईवर किंवा त्या गावावर फोडू नका.”

“पण रामटेके मॅडम,” नागसेन मेश्राम म्हणाले, “नकाशावर ते गाव मुळात नव्हतंच. तुमची तरी काय चूक?”

ते मला वाचवायला बघत होते. क्षणभर मोह झाला. नंतर मी उठून भिंतीपाशी गेले. नकाशावर प्लास्टिकचं आवरण होतं. मी ओढणीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि नदीच्या दोन फाट्यांमधे रेघ घासायला लागले. निघेना. मग नखाने खरवडली. लाल रंगाची सालपटं निघाली, आणि त्याखालून एकेक बारीक छापील अक्षर वर आलं. बें. दा. टो. ला.

नागसेन सर उठून जवळ आले. चष्मा काढून त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

“इथे किती चुली आहेत?” त्यांनी विचारलं. मला नव्हे, दाराकडे बघून.

“एकतीस, सर,” उर्वशी म्हणाली. “म्या अर्ज देल्ला होता तुमाले. जुलैमंदीच. नावानिशी.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलाचा खण उघडला, कागद वर-खाली केले, आणि तळाशी तो सापडला. वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, वर आवक शिक्का. त्यांनी ती उभ्यानेच शेवटपर्यंत वाचली. मग माझ्या पिशवीतलं ते पत्र मागून घेतलं, दोन्ही प्रती फाडल्या आणि स्वतःची खुर्ची मागे ओढली.

“बसा, उर्वशीबाई. पुढच्या टप्प्याची यादी तुम्ही सांगा, आम्ही लिहितो. दोन्ही गावांची. ती अट मी आत्ता काढतो आहे, कुणाला हरकत असेल तर बोला.”

चौघांनी पेनं काढली. उर्वशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मी तिच्यापुढे पाणी सरकवलं. ती एक घोट प्यायली.

“कोसमगट्ट्यावाल्यायनं सांगून पाठवलं हाये,” ती म्हणाली. “पह्यले बेंदाटोला लिहा.”